ठिणगी कुठे अडली?



घाटंजीच्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवतो. हे ऐकले की समोरचा गृहस्थ हटकून दोन प्रश्न विचारतो. पहिला, "मुले येतात का हो तासाला?" आणि दुसरा, "पण याचा उपयोग काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाऊसपाण्यावर आणि कापसाच्या वेचणीवर अवलंबून असते, ते राहू द्या. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ बरीच वर्षे धड उत्तर नव्हते. ते मला एका बंद पडलेल्या लाकूड कापायच्या मशीनने दिले. कारखान्यांच्या भाषेत जिला चेनसॉ म्हणतात आणि आपल्या खेड्यापाड्यांत जिला नुसते 'कटर' म्हणतात, तीच ही मशीन. ती सुरू होत नसेल, तर दोष कसा हुडकावा, आणि विशेष म्हणजे तिच्या विजेच्या तारेत दोष कसा हुडकावा, हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

आमचा तालुका सागवानाच्या मुलखातला. एका पिढीपूर्वी इकडे पडलेले झाड तोडायचे म्हणजे दोघांनी धरायची लांब करवत असे. एक जण या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मध्ये दिवसभराचा घाम. आता एक माणूस दोरी ओढतो आणि दिवसाचे काम तासात उरकतो. माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. पारव्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात त्याचे घर आहे. बी.ए.चे शेवटचे वर्ष त्याला पुरे करता आले नाही. पुढे बायकोच्या बचत गटातून कर्ज काढून त्याने ही मशीन घेतली. कुणाची वाळलेली बाभूळ, कुणाच्या गोठ्यावर आलेली फांदी, वादळात पडलेले झाड, असे काम मिळेल तिथे तो जातो. त्याचे घर त्या मशीनवर चालते म्हटले तरी चालेल.

ज्येष्ठातली गोष्ट. मृगाच्या आधी आपल्याकडे येते तसले वादळ आले आणि त्याच्या गावच्या शाळेसमोरचा मोठा कडुनिंब मुळासकट आडवा झाला. फाटक बंद झाले आणि पोषण आहार शिजवायच्या खोलीचे टिन दबले. शाळा उघडायला आठ दिवस उरले होते. मुख्याध्यापकांनी याला बोलावले, याने होकार दिला आणि नेमकी त्याच दिवशी मशीन रुसली. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण फुर्र म्हणून आवाज नाही.

त्याने मशीन एका कारागिराकडे नेली. कारागिराने दोरी दोनदा ओढली, मान हलवली आणि सांगितले, "कॉइल गेली." नवी कॉइल बसवली. तिच्या किमतीत त्याची चार-पाच दिवसांची कमाई गेली. तरी मशीन मुकीच! मग कारागीर म्हणाला, आता हिच्यात काही राम नाही, नवीच घ्या. त्या संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला.

"सर, मशीन चालूच होऊन नाही राह्यली. कॉइल बदलवली, तरी तेच. आता नवी घ्या लागते. कर्ज काढतो म्हणतो, तुम्ही जामीन राहा."

पहिले कर्ज अजून फिटले नव्हते. मी त्याला म्हटले, "जामीन राहीन, पण आधी ती मशीन घेऊन ये. मेली की नाही, हे तरी पाहू." आता खरे सांगायचे तर मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. पण माझ्या शेजारी आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक राहतात. सारी गल्ली त्यांना काका म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन त्यांच्या ओट्यावर आली. काकांनी वरचे झाकण काढले, कॉइलपासून बटणाकडे गेलेली एक बारीक तार बोटाने उचलली आणि विचारले,

"अरे बाबू, ही तार काय करते, सांग बरं?"

"करंट आणते, जी."

"चुकलास. ही तार करंट आणत नाही, करंट मारते."

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. पण ते पटायला हवे असेल, तर या मशीनच्या पोटात वीज येते कुठून, हे पाहावे लागेल.

या मशीनला ना बॅटरी असते, ना घरातल्या विजेची जोडणी. मग ठिणगी कशी पडते? आपल्यापैकी अनेकांनी सायकलचा डायनॅमो पाहिला असेल. चाक फिरले की दिवा लागतो, चाक थांबले की विझतो. लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून हलला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. एका लोहाराचा हा मुलगा, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करता करता पुस्तके वाचून शिकलेला. त्याच तत्त्वावर पुढे इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो तयार झाला. जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग सिद्ध केला. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १९२७ साली एमिल लेर्प यांनी आणि १९२९ साली आंद्रेआस स्टिल यांनी, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली. त्या वेळी ती उचलायला दोन माणसे लागत. आज ती एका माणसाच्या हातात मावते, पण तिच्या पोटातले तत्त्व तेच आहे.

दोरी ओढली की आतले एक जड चाक फिरते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या काठावर लोहचुंबक बसवलेले असतात. चाकाशेजारी, अगदी खेटून, पण न चिकटता, कॉइल असते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. चुंबक जवळून गेला की जाड वेटोळ्यात प्रवाह वाहू लागतो. तो ऐन भरात असताना कॉइलमधली यंत्रणा त्याला एकाएकी तोडते. त्या झटक्यासरशी बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उठतो आणि प्लगच्या टोकाशी असलेली फट ओलांडून ठिणगी पडते.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. बांध घालून पाणी अडवले, चांगले तुंबू दिले आणि एकदम दार उघडले, तर पाणी जोराने धावते. पण त्या बांधाला खेकड्याने बीळ पाडले असेल तर? पाणी येते तसे निघून जाते. तुंबतच नाही, मग जोर कुठला? बटणाची बारीक तार म्हणजे मुद्दाम ठेवलेले असे एक बीळ आहे. बटण 'स्टॉप'वर केले की ही तार मशीनच्या धातूच्या अंगाला जोडली जाते. कारागीर त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. जाड वेटोळ्यातला प्रवाह त्या सोप्या वाटेने फिरत राहतो, तो एकदम तुटतच नाही, म्हणून ठिणगी पडत नाही आणि मशीन थांबते. बटण चालूवर केले की ते बीळ बुजते.

आता पाहा, घरातल्या दिव्याचे बटण नेमके उलट असते. तिथे तार जोडली की दिवा लागतो, तुटली की विझतो. आपल्या डोक्यात तेच गणित बसलेले. म्हणून मशीन बंद पडली की आपण तुटलेली तार शोधतो. इथे मात्र बटणाची तार तुटली तर मशीन चालते, पण थांबत नाही! आणि हीच तार नको तिथे अंगाला टेकली, तर मशीन सुरूच होत नाही. शोधायची असते ती टेकलेली तार.

काकांनी मग क्रमाने तपासणी केली. तो क्रम मी वहीत उतरवून घेतला. तो आता सांगतो, सावकाश सांगतो.

सगळ्यांत आधी सुरक्षितता. साखळी आणि तिची पट्टी काढून ठेवा. ते जमत नसेल तर निदान साखळीचा ब्रेक लावा. पेट्रोलचा डबा दूर ठेवा, सांडलेले पेट्रोल पुसून घ्या, आणि काम मोकळ्या हवेत पण सावलीत करा. विडी-सिगारेट जवळपास नको, हे सांगायला नकोच.

पहिली पायरी, साधेपणाची. बटण खरोखर चालूवर आहे ना? पेट्रोल आहे ना? ते ताजे आहे ना? हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून मागच्या हंगामातले उरलेले पेट्रोल वापरू नये. तेलाचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच पाळावे. पुस्तिकेत ५० ला १ असे लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर.

दुसरी पायरी. पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढा आणि त्याच्या टोकाकडे पाहा. टोक कोरडे ठणठणीत असेल, तर पेट्रोल वर येत नाही. दोष नळीत, जाळीत किंवा कार्बुरेटरमध्ये शोधा, तारांना हात लावू नका. टोक पेट्रोलने ओले असेल, तर इंधन पोचते आहे, आता संशय ठिणगीवर. आमच्या मशीनचा प्लग ओलाचिंब होता.

तिसरी पायरी, ठिणगी पाहण्याची. प्लग पुसून वाळवा. चोक बंद करून दोरी आठ-दहा वेळा ओढा, म्हणजे आत साचलेले पेट्रोल निघून जाईल. या वेळी प्लगची टोपी तशीच लोंबकळत ठेवू नका. ती प्लगला लावून प्लगचे आटे मशीनच्या धातूला टेकलेले असू द्या. विजेला परतीची वाट मिळाली नाही, तर चांगली कॉइलही बिघडू शकते. मग मशीन त्या ओल्या जागेपासून तीन-चार पावले दूर न्या. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब, सिलिंडरच्या उघड्या धातूवर, मुठीला रबर असलेल्या पकडीने घट्ट दाबून धरा. उघड्या बोटांनी धरू नका. झटका असा बसतो की पुन्हा नाव घेणार नाही. बटण चालूवर करून दोरी जोराने ओढा. निळसर ठिणगी टच्‌कन दिसली, तर विजेचे खाते बहुतांशी ठीक आहे. दिसली नाही, तर पुढे चला.

चौथी पायरी. चालत्या मशीनचा, म्हणजे खात्रीचा, प्लग लावून पाहा. प्लगच्या टोकातली फट बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. हॅक्सॉच्या पात्याची जाडी याहून किंचितच जास्त असते, त्यावरून अंदाज येतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. प्लगच्या टोपीत एक छोटी स्प्रिंग असते. ती तारेत नीट रुतली आहे ना, गंजली नाही ना, आणि जाड तारेला चीर नाही ना, हेही पाहावे.

पाचवी पायरी, आणि हीच बहुतेक लोक गाळतात. कॉइलला लागलेली ती बारीक तार कॉइलपासून सोडवा. बाकी काहीही हलवू नका. प्लग पूर्वीसारखाच बाहेर, धातूवर टेकवून धरा आणि दोरी ओढा.

काकांनी तार सोडवली, विद्यार्थ्याने दोरी ओढली, आणि प्लगवर ठिणगी तडकली! स्वच्छ निळी. तो ओरडलाच, "अरे बाप्पा!" काकांनी तार पुन्हा जोडली. दोरी ओढली. ठिणगी गायब. पुन्हा सोडवली. ठिणगी हजर.

श्रोतेहो, मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. कारण हे तर मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो! आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जिथे ते आहे तिथे हे आहे, हा अन्वय. ते नाही तिथे हेही नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच रीत निराळ्या शब्दांत मांडली. दोन प्रसंगांत बाकी सारे तेच ठेवा, एकच गोष्ट बदला, आणि फळ बदलते का ते पाहा. तार जोडली की ठिणगी नाही, तार सोडली की ठिणगी आहे. म्हणजे दोष कॉइलमध्ये नाही, तारेत किंवा बटणात आहे. कारागिराने कॉइल बदलली ती अंदाजाने. 'कॉइल जाते बऱ्याचदा' हे खरे असेलही, पण बऱ्याचदा जाते म्हणून या खेपेला गेली, हे काही सिद्ध होत नाही. अंदाज आणि प्रमाण यांत त्या पोराची चार-पाच दिवसांची मजुरी गेली.

आणि आता सांगतो ती गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठिणगी दिसल्याचा आनंद इतका झाला की आम्ही काही म्हणायच्या आत त्याने प्लग आत बसवला, तार तशीच सुटी ठेवली आणि दोरी ओढली. मशीन गर्जून उठली. तो हसला, आम्हीही हसलो. मग त्याने बटण 'स्टॉप'वर केले. मशीन चालूच! पुन्हा बटण दाबले, पुन्हा दाबले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "चोक ओढ! चोक!" काका ओरडले. त्याने चोक ओढला, इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले, ते गुदमरले आणि थांबले. साखळी आधीच काढून ठेवली होती म्हणून ठीक. ती चढवलेली असती, तो झाडावर असता, पाय घसरला असता, तर? काका त्याला एवढेच म्हणाले, "न चालणारी मशीन पोट मारते रे. न थांबणारी मशीन माणूस मारते."

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. तार सोडवायची ती फक्त तपासणीपुरती, प्लग बाहेर असताना. 'तार काढली की चालते, मग राहू दे तशीच,' असे म्हणून कामावर जाणारे लोक मी त्यानंतर पाहिले आहेत. घरात कुणी तसे करीत असेल, तर त्याला आजच अडवा.

मग दोष नेमका कुठे होता? त्यासाठी सहावी पायरी. गावात मोटारपंपाचे काम करणाऱ्याजवळ मल्टिमीटर असतो. तो मागून आणा आणि जोडणी तपासण्याच्या, म्हणजे पीं वाजणाऱ्या, खुणेवर ठेवा. तार कॉइलपासून सुटी असू द्या. मीटरचे एक टोक तारेच्या टोकाला, दुसरे मशीनच्या उघड्या धातूला लावा. बटण 'स्टॉप'वर केले की मीटर वाजला पाहिजे. चालूवर केले की गप्प बसला पाहिजे. चालूवर असतानाही वाजला, तर तार किंवा बटण कुठेतरी अंगाला टेकले आहे. आणि 'स्टॉप'वर वाजलाच नाही, तर तार तुटली आहे, तुमची मशीन बटणाने थांबणार नाही. तार हलवत हलवत मीटर ऐका, म्हणजे लपलेला दोषही बोलतो. मात्र हा मीटर प्लगच्या टोपीला लावून ठिणगीचा दाब मोजायला जाऊ नका. हजारो व्होल्ट त्याला सोसायचे नाहीत.

आमचा मीटर दोन्हीकडे वाजला. तार बोटाने चाचपत गेलो, तो सिलिंडरच्या पंख्यांजवळ तिचे प्लॅस्टिक वितळून गेलेले. तार तिच्या खाचेतून निसटली होती, गरम धातूला घासत राहिली आणि उघडी पडली. वरून तेलात भिजलेला लाकडाचा भुसा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. काही घरी हेच काम उंदीर करतात. उघडा भाग कापून टाकला, तेवढ्याच जाडीचा तुकडा सोल्डर करून जोडला, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली आणि तार पुन्हा तिच्या खाचेत बसवली. काळी चिकटपट्टी इथे गुंडाळू नये, ती उष्णतेने सुटते. मग पुन्हा तपासणी केली. चालूवर ठिणगी आहे, 'स्टॉप'वर ठिणगी नाही. दोन्ही पाहिले, तेव्हाच काम संपले.

समजा, तार सोडवूनही ठिणगी आलीच नसती, तर? तर सातवी पायरी. फ्लायव्हीलचा चुंबक आणि कॉइलचे पाय गंजले असतील तर काचकागदाने हलकेच साफ करा. दोहोंतली फट साधारण भेटकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास असते. इथेही पुस्तिकेतला आकडाच खरा. कार्ड मध्ये ठेवून कॉइलचे स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचे. एवढे करूनही ठिणगी नसेल, तेव्हा कॉइल बदला. म्हणजे कॉइलचा नंबर शेवटचा, पहिला नव्हे. काही नव्या मशीनमध्ये ठिणगी आणि इंधन दोन्ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळते, त्यांच्या बटणाची रचनाही निराळी असू शकते. तिथे हा मीटरचा नियम लावू नये, पुस्तिका पाहावी किंवा जाणकाराकडे जावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. टॉर्चचे दोन सेल आणि दोन बल्ब घ्या. बल्ब एकापुढे एक जोडा, दोन्ही मंद लागतील. आता एका बल्बच्या दोन टोकांना एक सुटी तार टेकवा. तो बल्ब विझेल आणि दुसरा अधिक उजळेल. मुलांना विचारा, तार जोडली आणि दिवा विझला, हे कसे? वर्गात गलका होईल, होऊ द्या. विजेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने जात नाही, हे मुलांच्या तोंडूनच बाहेर येईल. मग सायकलचा डायनॅमो दाखवा. त्याच्यापासून दिव्याकडे एकच तार जाते, परतीची वाट सायकलच्या लोखंडी सांगाड्यातून असते. एवढे ज्या मुलाला कळले, त्याला पुढे कुणी उगाच कॉइल विकू शकणार नाही.

आणखी एक शब्द. मशीन सुरू झाली म्हणजे दिसेल त्या झाडाला लावायची मुभा मिळाली, असे नव्हे. आपल्या राज्यात १९६४ सालचा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतातली असली, तरी आधी परवानगी घ्यावी लागते. मशीनला थांबवणारी तार जशी जागेवर हवी, तशी माणसाला थांबवणारीही एक तार जागेवर हवी.

तो कडुनिंब दोन दिवसांत कापून झाला. शाळा ठरल्या दिवशी उघडली. माझ्या विद्यार्थ्याने नवे कर्ज काढले नाही आणि मला जामीन राहावे लागले नाही. त्याची जुनी, निष्कारण काढून टाकलेली कॉइल मी मागून घेतली. दर वर्षी अन्वय-व्यतिरेक शिकवायची वेळ आली की ती मी टेबलावर ठेवतो आणि मुलांना विचारतो, "ही कॉइल चांगली की वाईट?" बहुतेक मुले म्हणतात, "वाईट असेल, सर, म्हणून तर काढली." मग मी तास सुरू करतो.

आता कुणी विचारले, 'तर्कशास्त्राचा उपयोग काय?' तर मी त्याला ती कॉइल दाखवतो. ती अजूनही चांगली आहे.